अठ्ठ्याऐंशीचा आकडा

३ सप्टेंबर, सोमवार

नवं शैक्षणिक वर्ष. संकल्प: चहात साखर बंद. रोज वीस इंग्रजी शब्द. डिसेंबरपर्यंत मोनोग्राफ, किमान दीडशे पानं. विषय ठरलेलाच, कोबाल्ट फेराइटच्या नॅनोकणांची रचना आणि चुंबकीय गुणधर्म. अख्ख्या कारागांदा शहरात या विषयावर माझ्याइतका अधिकार कोणाचाच नाही. (दुसरं कोणी त्यावर काम करत नाही, पण तो माझा दोष नव्हे.)

डिपार्टमेंटात मी तोके (तुलेगेनचं आदराचं रूप), विद्यार्थ्यांत अगाय, म्हणजे सर. प्रोफेसर अजून कोणी म्हणत नाही. हे वर्ष त्याचं.

झानेर्के सुट्टीवरून परतली. माझी डॉक्टरेटची विद्यार्थिनी, दुसरं वर्ष. बल्खाश तळ्याकाठची. आई तिकडच्या स्टेशनवर गाडीतल्या लोकांना धुरावलेले मासे विकते. माझ्यासाठी एक मोठा मासा आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हणाली, आईने सांगितलंय, आधी अगायना, मग बाकीच्यांना.

मग तोच प्रश्न. अगाय, माझा चुंबकत्वाचा आकडा एकसष्टच येतोय.

माझा अठ्ठ्याऐंशी आला होता. चार वर्षांपूर्वी, छापून आलाय. बाकीचं जग साठ-पासष्टवर अडकलंय. फेराइटच्या अख्ख्या ठोकळ्याचं चुंबकत्वसुद्धा ऐंशीच्या आसपास थांबतं. त्यामुळे तिचा येत नाही यात आश्चर्य काय? तिला म्हणालो, चिकाटी ठेव.

मासा उत्तम होता.

८ सप्टेंबर, शनिवार

सासूबाई जेवायला. त्यांनी विचारलं, जावई नक्की करतो काय. मी शांतपणे समजावलं. लोखंड आणि कोबाल्टचे क्षार पाण्यात विरघळवायचे, सायट्रिक आम्ल घालायचं, मंद आचेवर आटवायचं. मधासारखी जेल होते, मग ती आपसूक पेट घेते आणि भुसभुशीत काळी राख उरते. ती खलात घोटायची, भट्टीत सहाशे अंशांवर चार तास भाजायची, की झालं फेराइट. कण इतके बारीक की एका केसाच्या जाडीत चार हजार मांडता येतील.

सासूबाई म्हणाल्या, आमच्या औलात, गावाकडे, राखेचा साबण करायचे. तो निदान अंगाला लावता यायचा.

बातिमा हसली. ही माझी बायको, म्युझिक स्कूलमध्ये दोंब्रा शिकवते, तिला कुठे हसावं हे कळत नाही. मी संयम राखला. चहात साखर घेतली, फक्त आजच्यापुरती.

१९ सप्टेंबर

झानेर्केचा सहावा नमुना. एकोणसाठ. खाली गेला.

दोन तास तिच्या मागे उभा राहून पाहिलं. अमोनिया थेंब-थेंब टाकते, घाई नाही. तापमान लिहून ठेवते. खल इतका घासते की त्यात तोंड दिसतं. चूक सापडली नाही. तरीही काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून म्हणालो, तुझा हात अजून बसलेला नाही. या कामाला हात लागतो.

तिने वहीत लिहून घेतलं.

इंग्रजी शब्द: आजचे वीस राहिले. उद्या चाळीस.

१५ ऑक्टोबर, सोमवार

इमारतीत हीटिंग सुरू झालं. मोनोग्राफची प्रस्तावना सुरू केली. पहिलं वाक्य चांगलं आहे. तीन वेळा वाचलं.

झानेर्केने विचारलं, अगाय, भट्टीत ठेवताना तुम्ही मुशीवर झाकण ठेवलं होतं का? मी म्हणालो, ते अनुभवाने कळतं. तिने विचारलं, म्हणजे ठेवलं होतं? मला एक फोन करायचं आठवलं आणि मी कॉरिडॉरमध्ये गेलो.

ही वही कपाटात असते, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. चार वर्षांपूर्वीच्या त्या जूनमध्ये भट्टी बंद होती. तिची तार जळाली होती. लेख पाठवायची शेवटची तारीख शुक्रवार. राख न भाजता तशीच मोजायला दिली आणि आकडा आला अठ्ठ्याऐंशी. लेखात 'सहाशे अंश, चार तास' लिहिलं, कारण सगळे तसंच लिहितात. ही शैलीची बाब आहे. पुढे कधीतरी भाजून बघणारच होतो.

बघितलं नाही. वेळ मिळाला नाही, चार वर्षांत.

२४ ऑक्टोबर

आठवा नमुना. बासष्ट. तिने झाकण ठेवून, झाकण काढून, अर्धं ठेवून असे तीन प्रकार केले.

सल्ला दिला: पाणी बदल.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

लिदिया गेनरिखोव्ना वर्षाअखेर रिटायर होतेय. क्ष-किरण यंत्र तीस वर्षं तिच्या हातात आहे. जर्मन घराण्यातली बाई, यंत्राच्या खोलीत चपला बदलून जाते आणि मलाही बदलायला लावते. कपाटं रिकामी करत होती. माझ्यासमोर एक जुना कागद धरला. म्हणाली, तुलेगेन बेइसेनोविच, हा तुमचा जूनचा नमुना. ठेवू की टाकू?

आलेखावर फेराइटची शिखरं जागच्या जागी होती. आणि पंचेचाळीस अंशांजवळ आणखी एक. मी म्हणालो, तो आवाज आहे, यंत्राचा. ती म्हणाली, माझं यंत्र असा आवाज करत नाही. तो कोरा धातू आहे. तेव्हाही सांगितलं होतं तुम्हाला.

मी म्हणालो, लहानसा तर आहे.

तिने चष्मा काढला, पट्टी घेतली आणि मोजून दाखवला. लहानसा नव्हता.

छापलेल्या आलेखात तो नाही. मी काढला होता. काढला म्हणजे धूळ पुसावी तसा, दोन क्लिकमध्ये. लेखात स्वच्छ आलेख बरा दिसतो.

तिला म्हणालो, टाका. तिने तो टाकला की नाही, मी मागे वळून पाहिलं नाही.

१ डिसेंबर, शनिवार

असेके, आमचे विभागप्रमुख, यांच्याकडे सोगिमचं जेवण. थंडीसाठी घोडा कापला की असेके सगळ्या डिपार्टमेंटला बोलावतात. टेबलावर घोड्याच्या मांसाचं सॉसेज म्हणजे काझी, मांस आणि कणकेच्या पट्ट्यांचं भलंमोठं बेशबारमाक, तळलेल्या बाऊरसाकचा डोंगर. मानाच्या पाहुण्याला देतात ते मेंढ्याचं डोकं कोणासमोर ठेवणार याची मला साधारण कल्पना होती, म्हणून मी टेबलाच्या वरच्या बाजूला जरा आधीच बसलो. असेकेंची बायको ताट घेऊन आली, माझ्यामागून गेली आणि डोकं खामितसमोर ठेवलं. खामित वेल्डिंग शिकवतो. ठीक आहे, त्याचं वय जास्त आहे. (दोन महिन्यांनी.)

झानेर्के सगळ्यांना चहा ओतत होती. असेकेंनी विचारलं, काय गं पोरी, अगायचा आकडा आला का?

ती म्हणाली, नाही अजून, येईल.

टेबल हसलं. कौतुकाने हसले असावेत. झानेर्केने माझ्याकडे बघितलं तेव्हा ती हसत नव्हती. तिने माझा पेला अर्धाच भरला. आमच्यात मान द्यायचा तर अर्धाच भरतात, मग पुन्हा उठून भरायला येतात. ती सात वेळा आली.

काझी तीन तुकडे खाल्ले. डाएट संकल्पात नव्हतंच.

२० डिसेंबर, गुरुवार

हे लिहायला नको वाटतंय, पण तारीख घातलीये.

आज सेमिनार. जानेवारीत झानेर्केचं वार्षिक मूल्यमापन आहे, त्याची तालीम. त्यात नापास झाली तर डॉक्टरेटची जागा जाते. अकरा नमुने दाखवले. अकराही अठ्ठावन्न ते त्रेसष्टच्या मधे. असेकेंनी विचारलं, तुझ्या सगळ्या प्रबंधाचा पाया अठ्ठ्याऐंशीवर आहे. तो येत का नाही?

ती उभी होती. हातात पॉइंटर. म्हणाली, चूक माझ्याकडून होतेय. अगायनी पद्धत पूर्ण सांगितलीये. माझा हात बसलेला नाही.

सगळे माझ्याकडे वळले. मी होकाराची मान हलवली.

बस, एवढंच. मान हलवली. पाण्याचा ग्लास समोर होता, तो प्यायलो. पाणी संपलं तरी ग्लास तोंडालाच धरून होतो.

नंतर ती प्रयोगशाळेत मुशी धूत होती. पाठमोरी. मी म्हणालो, चांगलं बोललीस. ती वळली नाही. म्हणाली, आईने स्टेशनवरच्या बायकांना सांगून ठेवलंय, मुलगी डॉक्टर होणार. त्या बायका आता आईला गुडघेदुखीची औषधं विचारतात. अगाय, मी परत गेले तर तिला तेही समजावावं लागेल.

मी म्हणालो, जाणार नाहीस.

ती म्हणाली, कशावरून?

साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर जगात एकट्या मला माहीत होतं आणि ते एका वाक्यात बसत होतं. मी म्हणालो, थंडी वाढलीये, टोपी घालून जा.

२१ डिसेंबर

कामावर गेलो नाही. घसा. बातिमाने कपाळाला हात लावला. म्हणाली, ताप नाही. मग काय केलंस?

काय झालं असं नाही विचारलं. काय केलंस.

२६ डिसेंबर, बुधवार

बातिमाला सांगितलं. पहिल्यांदाच सरळ शब्दांत, म्हणून इथेही उतरवतो. न भाजलेल्या राखेत थोडा कोरा लोखंड-कोबाल्ट धातू उरतो. तो फेराइटच्या तिप्पट-चौपट चुंबकीय असतो. भट्टीत हवेशी संबंध आला की तो जळून ऑक्साइड होतो आणि आकडा जागेवर येतो. माझ्या नमुन्यात धातू होता. म्हणजे अठ्ठ्याऐंशी फेराइटचा नव्हताच. झानेर्केचं एकसष्ट बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून बरोबर आहे.

बातिमा दोंब्राच्या तारा बदलत होती. म्हणाली, म्हणजे त्या पोरीने वर्षभर बरोबर वाजवलं आणि तू तिला बेसूर म्हणत राहिलास.

मी म्हणालो, बेसूर असं नाही म्हणालो. हात बसला नाही म्हणालो.

तिने तार पिळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, उठ, पलीकडच्या खोलीत जाऊन बस.

बसलो. बराच वेळ. मोनोग्राफची फाइल उघडली. चौदा पानं झालीत. त्यातली नऊ लेखातली आहेत.

३ जानेवारी

ठरलं. अठरा तारखेला मूल्यमापन समितीसमोर उभा राहून सगळं सांगणार. कोणी कल्पनाही केली नसेल. हॉलमध्ये शांतता पसरेल. माझी नोकरी जाईल कदाचित. झेलीन.

भाषण लिहायला घेतलं. अकरा पानं. सुरुवात विज्ञानाच्या इतिहासापासून.

१० जानेवारी

भाषण सात पानं. इतिहास काढला.

तिला आधीच सांगावं का? बातिमा म्हणते, आजच. मी म्हणतो, समितीसमोर सांगण्यात तिचाच फायदा आहे, अधिकृत नोंद होते. बातिमा म्हणाली, तुला प्रेक्षक हवेत. हे अन्यायकारक आहे. थोडंफार.

तीनदा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलो. एकदा आत. ती बारावा नमुना भाजत होती. मी भट्टीच्या आकड्याकडे पाहिलं, सहाशे. ठीक आहे म्हणालो आणि परत आलो.

१६ जानेवारी

भाषण अर्धं पान. सूट इस्त्रीला. बर्फाचा बुरान सुटलाय, बसथांब्यावर समोरचा माणूस दिसत नाही. हे सोयीचं आहे.

१८ जानेवारी, शुक्रवार

हॉलमध्ये नऊ जण. असेके मधे. झानेर्केने तिचे बारा नमुने दाखवले आणि पुन्हा तेच म्हणाली, चूक माझी आहे.

मी उठलो. अर्धं पान खिशातच राहिलं, कारण हात खिशात गेलाच नाही. म्हणालो, तिची चूक नाही. माझा नमुना भाजलेलाच नव्हता. त्यात धातू होता. आलेखातून मी तो पुसला. तिचे आकडे बरोबर आहेत. अठ्ठ्याऐंशी खोटा आहे.

शांतता पसरली. ठरवली होती तशीच. मग असेकेंनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, तोके, बसा. ते माहीत आहे.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

खामित म्हणाला, त्या उन्हाळ्यात भट्टी मीच तर दुरुस्त केली, ऑगस्टमध्ये. तुम्ही लेख जूनमध्ये पाठवला. अख्ख्या मजल्याला माहीत होतं. आम्हाला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे की आम्हाला माहीत आहे. कशाला उगाच बोलायचं.

दुसरं कोणीतरी म्हणालं, आणि तो आकडा कोण वाचतंय?

झानेर्के अजून पुढे उभी होती. तिने एकेकाकडे पाहिलं, नवाच्या नऊ जणांकडे, रांगेने. म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं?

खामित बुटांकडे बघू लागला.

मग मला कोणी का नाही सांगितलं? एक वर्ष गेलं माझं.

असेके टेबलावरचं पेन सरळ करत म्हणाले, ते तुझे अगाय आहेत, पोरी. त्यांच्याच विद्यार्थिनीला त्यांच्या पाठीमागे कसं सांगायचं? आम्हाला वाटलं, तूही ओळखून आहेस, मान राखून गप्प बसतेस.

ती म्हणाली, नाही. मी खरं मानलं.

एवढंच. आवाज चढवला नाही. कागद गोळा केले, नीट कडा जुळवून.

समितीने तिला पास केलं. बारा नमुने, सगळे एकमेकांशी जुळणारे, काम चांगलं आहे, म्हणाले. सहा महिने वाढवून दिले. मार्गदर्शक बदलला, आता असेके. माझ्या नोकरीचा विषयच निघाला नाही. माझ्याबद्दल काहीच ठराव झाला नाही. पुढचा विषय होता तिसऱ्या मजल्यावरची गळती.

बाहेर आलो. चार वर्षं मी एक गुपित सांभाळत होतो आणि ते कोणापासूनच गुपित नव्हतं. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवणारं जगात एकच माणूस होतं. मला धरून मोजलं तरी एकच.

१९ जानेवारी

काही नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार

लिदिया गेनरिखोव्नाच्या घरी गेलो. तिने तो कागद टाकला नव्हता. एका शब्दाने विचारलं नाही, नुसता आणून दिला, प्लास्टिकच्या पाकिटात. वर चहा आणि आलुबुखाराचा केक. म्हणाली, जानेवारीत उभे राहिलात म्हणे. मी म्हणालो, उशीर झाला. ती म्हणाली, हो.

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल.

११ फेब्रुवारी

नियतकालिकाला पत्र लिहिलं, लेख मागे घ्या म्हणून. इंग्रजीत, डिक्शनरी घेऊन, चार दिवस लागले. भट्टी बंद असल्याचं लिहिलं. शिखर पुसल्याचं लिहिलं. सोबत लिदियाचा आलेख. झानेर्केचे आकडे बरोबर आहेत हे तिच्या नावासकट लिहिलं. एकही विशेषण नाही. आयुष्यात याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. बातिमाला वाचून दाखवलं. तिला इंग्रजी येत नाही, तरी तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, पाठव.

पाठवलं.

१२ फेब्रुवारी

ईमेलने गेलेलं पत्र परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही.

चौकशी केली. नियतकालिक दोन वर्षांपूर्वीच बंद पडलंय. संपादक नाही, कार्यालय नाही. लेख मात्र इंटरनेटवर आहे. तो आता कोणालाच काढता येत नाही.

१ मार्च, शुक्रवार

झानेर्केने सामान असेकेंच्या प्रयोगशाळेत हलवलं. आमच्या खोलीतली आपली जागा ती पुसून गेली, कोपऱ्यासकट. मी पत्राचं सांगितलं. परत आल्याचंही. प्रिंट तिच्यापुढे ठेवली. तिने उभ्यानेच वाचली, पूर्ण. म्हणाली, ठीक आहे, तुलेगेन बेइसेनोविच, मग मीच प्रबंधात नोंद घालते.

अगाय म्हणाली नाही. पासपोर्टच्या खिडकीवर हाक मारतात तशी नाव आणि बापाचं नाव घेऊन म्हणाली. बरोबरच आहे.

विचारलं, काय लिहिणार? तिने लॅपटॉप वळवून दाखवलं. एक ओळ होती: 'यापूर्वी नोंदवलेलं अधिक चुंबकत्व [१४] हे नमुन्यातल्या न जळलेल्या धातूमुळे होतं आणि फेराइटचा गुणधर्म म्हणून ते धरू नये.'

चौदा म्हणजे मी. शेवटच्या संदर्भयादीत चौदाव्या क्रमांकावर नाव आहे, बाकी कुठे नाही.

पुन्हा वाचली. अचूक होती. राग नव्हता तिच्यात, दयाही नव्हती. बरोबर आहे, म्हणालो. तरी काहीतरी सांगावंसं वाटलं, म्हणून 'होतं'च्या पुढे एक स्वल्पविराम सुचवला.

तिने लावून पाहिला, ओळ मनातल्या मनात वाचली आणि काढून टाकला.